पोराच्या पिशवीत हिशेबाची वही घाला
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दहावी-बारावी झाली की आपली पोरं-पोरी गाव सोडतात. कुणी पुण्याला शिकायला, कुणी चाकण-वाळूजच्या कारखान्यात. निघताना आपण ज्वारीचं पीठ देतो, लोणच्याची बरणी देतो. द्यायचा राहतो तो कर्जाचा हिशेब. घरावर देणं किती, कुणाचं, व्याज काय, हे आपण पोरांना कळूच देत नाही. "तू शीक, ते आम्ही बघतो," म्हणतो. यात माया आहे. पण पोरगं शहरात जातं ते या बाबतीत अडाणीच जातं.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. रोख्यात काय लिहिलंय ते न कळताच कित्येकांनी त्यावर अंगठे उठवले होते. आज आपली पोरं शिकली. तरी मोबाइलवर 'मान्य आहे' हे बटन ती न वाचता दाबतात, आणि दाबतात तेही अंगठ्यानंच!

म्हणून चार गोष्टी घरीच शिकवा.

पहिली. पोराला विचारा, 3 मोठे की 7? बँकेचं पीककर्ज 3 लाखांपर्यंत 7 टक्क्यांनी मिळतं आणि वेळेत फेडलं तर 4 टक्के पडतं. हे व्याज वर्षाचं. सावकाराचं शेकडा 3 हे महिन्याचं, म्हणजे वर्षाला 36. दर ऐकला की 'महिन्याचा की वर्षाचा?' हे आधी विचारायचं.

दुसरी, हप्त्याची. समजा, फटफटीसाठी 60,000 रुपये 3 वर्षांसाठी घेतले. दुकानदार म्हणतो, व्याज सरळ 10 टक्के. व्याज झालं 18,000, हप्ता आला सुमारे 2,167. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पुऱ्या 60,000 वर लावलेलं असतं. खरा दर साधारण 18 टक्के पडतो. हप्ता परवडतो का एवढंच पाहू नये. एकूण किती भरायचे ते मांडावं.

तिसरी, मोबाइलवरच्या कर्जाची. समजा, 5,000 मंजूर झाले, 1,500 आधीच कापले, हातात 3,500 आले आणि 7 दिवसांत 5,000 भरायचे. म्हणजे एका आठवड्यात शंभराला 43 रुपये! कर्जाचा एकूण खर्च आधी लेखी दाखवावा आणि फोनमधल्या नातेवाइकांच्या नंबरांना हात लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. जे ॲप सगळे नंबर मागतं, त्याच्या वाटेला जायचं नाही.

चौथी, जामिनाची. मित्रासाठी केलेली सही म्हणजे नुसती ओळख नव्हे. 1872 च्या करार कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. मित्रानं बुडवलं तर वसुली थेट आपल्या पोराकडून होऊ शकते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. वसुलीवाले धमक्या देतात, नातेवाइकांना फोन करतात, आणि पोरगं शरमेनं घरी बोलत नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन करायला मनाई आहे. फसवणूक झाली तर 1930 वर तक्रार होते. पण हे सगळं नंतर. आधी त्यानं आपल्याला सांगितलं पाहिजे. कर्ज फिटतं, गेलेला जीव परत येत नाही. आपल्या गावांनी याची किंमत फार मोजली आहे.

आपण देणं लपवलं तर पोरंही लपवायला शिकतात. म्हणून यंदा कापसाची पट्टी हातात आली की पोरा-पोरीला शेजारी बसवा. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, बँकेचं देणं, सगळं त्यांच्याच हातानं वहीत लिहून घ्या. उरलं तर किती, तुटलं तर किती, हे त्यांनाच काढू द्या. आणि गाव सोडताना एवढं सांगा: "अडचण आली तर पहिला फोन घरी कर. आम्ही रागावणार नाही."