‘आताच्या पोरींना कष्ट नकोत’ असं म्हणण्यापूर्वी

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण)



आज इथे साठी ओलांडलेल्या आयाबाया बसल्या आहेत, आणि रात्रपाळी संपवून थेट आलेल्या मुलीही आहेत. अशा दोघी एका सतरंजीवर फार कमी वेळा बसतात, म्हणून थोडं स्पष्ट बोलते.

गावोगावच्या बैठकांत दोन तक्रारी सतत कानावर येतात. मोठ्या बायका म्हणतात, “आताच्या पोरींना कष्ट नकोत. चार महिने झाले नाहीत तोवर कंपनी बदलली. साहेब जरा बोलला की यांना राग.” मुली म्हणतात, “आमच्या घरात काम म्हणजे मरमर राबणं. अंग दुखलं तरी बोलायचं नाही, अपमान झाला तरी गिळायचा.” मग कुणीतरी ‘पिढीचा फरक’ म्हणून विषय मिटवतं. मला तो तिथे मिटवावासा वाटत नाही. दोघींच्या वाट्याला आलेल्या कामाच्या अटीच वेगळ्या होत्या, आणि त्या अटींनी दोघींना घडवलं.

आधी मोठ्यांचं पाहू. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर बायका खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती वाहायला गेल्या. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मोजमापाप्रमाणे दाम, आणि बाईला-पुरुषाला एकच दर. हे कागदावरचं प्रत्यक्षात यावं म्हणून ठिकठिकाणी बायकांनी तहसील कचेरीवर मोर्चे नेले. आज ‘सोसून घ्या’ म्हणणारी पिढी ती हीच. तिने नुसतं सोसलेलं नाही, मागूनही घेतलं आहे. मुलींना ही गोष्ट कुणी सांगितलेलीच नसते.

पण तेच हात घरच्या रानात खुरपायला लागले की ते काम धरलं जात नाही. गणनेला माणूस आला की घरातला पुरुष सांगतो, “ती काही करत नाही, घरीच असते.” कांदालागण, धारा, शेण, सरपण, सगळं ‘काही नाही’मध्ये गेलं. सातबाऱ्यावर नाव नाही, हातात मजुरी नाही. ज्या कामाला नावच नाही त्याच्या अटी कोण ठरवणार? त्यातून एकच शिकवण उरली: कामाला नाही म्हणायचं नाही.

आता मुलींचं. रांजणगावला आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती आल्या आणि गावातली बारावी झालेली, आयटीआय झालेली मुलगी कंपनीच्या बसमध्ये बसू लागली. तिच्या गळ्यात ओळखपत्र आहे, बँकेत तिच्या नावाने पगार येतो, काहींचा पीएफही कापला जातो. आईला कधी न मिळालेली ही ओळख आहे आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पण त्या कार्डावर बहुतेक वेळा ठेकेदाराचं नाव असतं. काही महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. ऑर्डर कमी झाली की गेटवरून परत. म्हणजे आपण ‘पोरीने कंपनी सोडली’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा कंपनीने पोरीला सोडलेलं असतं. जे काम तिला धरून ठेवत नाही, त्याला तिने का धरून राहावं? दोनशे रुपये जास्त मिळाले तर ती दुसरीकडे जाते. हा आळस नाही, हिशेब आहे.

मुलींनाही एक सांगायचं आहे. तुम्ही पहाटे बसला जाता तेव्हा मागे रडणाऱ्या बाळाला कोण उचलतं? त्याची आंघोळ, अंगणवाडी, दुपारची भाकरी कोण बघतं? तुमची पहिली शिफ्ट सासूच्या किंवा आईच्या दुसऱ्या शिफ्टवर उभी आहे. आयुष्यभर बिनमोल राबलेली बाई आज नातवंडांसाठी पुन्हा बिनमोल राबते आहे. पाळणाघराचा खर्च कंपनीने करायचा नाही, सरकारने करायचा नाही, नवऱ्याने हात लावायचा नाही. तो म्हातारीच्या गुडघ्यांवर टाकायचा. ती ‘पोरींना कष्ट नकोत’ म्हणते त्यात हा थकवाही असतो.

हा दोघींमधला दुरावा सर्वांत महाग कुठे पडतो, ते आता सांगते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला कंपनीच्या बसमध्ये एक माणूस रोज त्रास द्यायचा. तिने आठ महिने कुणाला सांगितलं नाही. ठेकेदाराला सांगितलं तर काम जाईल, घरी सांगितलं तर काम बंद करून लग्न लावून देतील. शेवटी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, “दुर्लक्ष कर. आम्हीपण मुकादमाचं ऐकून घेतलं.” त्या वाक्यात निष्ठुरपणा नव्हता. आजीला जगायची एवढीच वाट माहीत होती.

कायदा काय म्हणतो ते सर्वांनी लक्षात ठेवा. १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवी या गावपातळीवर काम करणाऱ्या साथिनीने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला आणि तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. म्हणजे या कायद्याचं मूळ शहरातल्या ऑफिसात नाही, खेड्यातल्या कष्टकरी बाईच्या लढ्यात आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ठेक्यावरची, शिकाऊ, रोजंदारीची, सगळ्या बायका यात येतात. कंपनीने दिलेली बससुद्धा कामाचं ठिकाण धरली जाते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण योग्य असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते.

एका बैठकीत मी हे सांगत असताना मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “म्हणजे बाई, मुकादमाचीपण तक्रार करता आली असती?” मी म्हटलं, तेव्हा हा कायदा नव्हता, आज असता तर आली असती. त्या गप्प झाल्या. पण पुढच्या बैठकीला नातसुनेला घेऊन आल्या.

रात्रपाळीचंही असंच आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांना रात्री कामावर ठेवायला सर्वसाधारण मनाई होती. २०२० ची कामगार सुरक्षेची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात बाईची संमती घेऊन आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून रात्री काम देता येतं. संमती हा शब्द चांगला आहे. पण ‘नाही’ म्हटल्यावर उद्या ब्रेक मिळणार असेल तर ती संमती कसली? आणि तिला ‘हो’ म्हणायचं असताना घरचे अडवत असतील, तर तीही तिची संमती नव्हे.

म्हणून आपल्या गटांनी तीन कामं घ्यावीत असं मी सुचवते.

एक, आपल्या बैठका दुपारी होतात आणि कंपनीतल्या मुली त्यात कधीच नसतात. महिन्यातून एक बैठक त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवा.

दोन, कायद्याप्रमाणे प्रत्येक तालुक्यात तक्रार घेणारा नोडल अधिकारी नेमलेला असायला हवा, आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवायची असते. शिरूर आणि दौंडमध्ये हे कोण, हे अर्ज करून विचारा. ते नाव ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि बसथांब्यावर लावा.

तीन, मुलगी तक्रार द्यायला जाईल तेव्हा घरातली एक मोठी बाई तिच्याबरोबर जावी. एकटी मुलगी गेली की ‘काम सोड’ म्हणतात. पिकल्या केसांची बाई शेजारी बसली की अधिकारी खुर्ची देतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तहसील कचेरीची पायरी कशी चढायची ते या आयांना माहीत आहे, आणि अर्ज कसा लिहायचा ते या मुलींना.

आता या तीन कामांची वाटणी आजच करू या. कोण काय घेतं, बोला.