न ओळखता हात लावू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी चार शब्द बोलते. कधी लोणच्या-मुरंब्यांवर, कधी मुलांच्या खाण्यापिण्यावर. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही किरणांपासून घ्यावयाच्या काळजीवर बोला." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. माझा जन्म पोळपाट-लाटण्यापाशी गेला. अणू नि किरण यांच्याशी माझा काय संबंध?" त्यावर त्या म्हणाल्या, "दवाखान्यात भांडलात तेव्हा नव्हता का संबंध?" तेव्हा ते भांडणच आधी सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेचा चार वर्षांचा मुलगा जिन्यावरून पडला. हात सुजला. आम्ही दोघी त्याला घेऊन एक्स-रे काढावयास गेलो. पोर घाबरून हात हलवीत होते. तिथला माणूस म्हणाला, "आईने आत येऊन धरा." जाऊ निघाली. तिला तेव्हा दुसरा महिना होता, आणि ते आम्हां दोघींवाचून कोणाला ठाऊक नव्हते. घरात अजून सांगितले नव्हते, तर परक्या माणसाला ती कुठून सांगणार? मी तिला दंडाला धरून मागे ओढले आणि म्हटले, "मी धरते." त्याने कारण विचारले, ते मी हळूच सांगितले. तो म्हणाला, "मग मावशी, आधी सांगायचे ना!" मी म्हटले, "आधी विचारायचे ना!" झाले, शब्दाला शब्द लागला. शेवटी त्याने मला शिशाचा जड एप्रन घातला, मी पोराला धरले आणि फोटो निघाला. बाहेर येताना पाहते, तर गरोदर बायांनी आधी सांगावे अशी पाटी भिंतीवर होती. पण दार उघडे असले की ती दाराआड झाकली जाई.

मला तरी काय कळत होते? गरोदरपणी एक्स-रेपासून जपावे, एवढेच ऐकून होते. माझा एक भाचा दुसऱ्या गावी हेच यंत्र चालवतो. तो दिवाळीला आला तेव्हा तीन संध्याकाळी त्याला बसवून घेतले आणि विचारून विचारून भंडावून सोडले. त्याने सांगितले ते माझ्या भाषेत तुम्हांला सांगते.

तो म्हणाला, "मामी, त्या एका फोटोने मोठा अनर्थ झाला असता असे नाही. पण गरोदर बाईने मूल धरावयास आत जाऊ नये, हा नियमच आहे. मात्र डॉक्टरांनी गरज म्हणून एक्स-रे सांगितला, तर भीतीने टाळूही नये." म्हणजे भ्यावयाचे नाही, पण सांगावयाचे आणि विचारावयाचे.

किरण दोन ठिकाणांहून येतात. एक यंत्रातून. एक्स-रेचे यंत्र दिव्यासारखे आहे. बटण दाबले की किरण, सोडले की काही नाही. दुसरे ठिकाण म्हणजे काही पदार्थ. कोबाल्ट-60, सीझियम-137 अशी त्यांची नावे. यांना बटणच नाही. ते रात्रंदिवस आपोआप किरण टाकीत असतात. सीझियमचा जोर निम्मा व्हावयास सुमारे 30 वर्षे लागतात. म्हणून असे पदार्थ शिशाच्या किंवा दुसऱ्या जड धातूच्या जाड कवचात बंद करून ठेवतात. ते माणसाच्या उपयोगाचेही आहेत. कर्करोगाच्या उपचारात ते वापरतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला 2002 पासून कोबाल्टच्या किरणांचे केंद्र आहे. 2007 मध्ये अमेरिकेला आंबे जाऊ लागले, ते तिथूनच किरण देऊन गेले.

तुम्ही विचाराल, मग तो आंबा खावा का? खुशाल खावा. इथेच सगळा घोटाळा होतो, म्हणून नीट ऐका. चुलीपाशी बसले की अंग तापते, पण आपण काही चूल होत नाही. दुसऱ्याला आपला चटका बसत नाही. किरण अंगावरून जाणे हे असे आहे. आंब्याला किरण दिले तरी आंबा किरण टाकीत नाही. पण हळदीची पूड हाताला लागली तर? पदराला लागते, दाराच्या कडीला लागते, पोराच्या गालाला लागते. किरण टाकणारी पूड सांडली की ती हळदीसारखी पसरते. फरक एवढाच, की हळदीचा डाग दिसतो आणि हा दिसत नाही.

या हळदीच्या डागाची खरी गोष्ट सांगते. ब्राझील देशात गोयानिया नावाचे शहर आहे. तिथला कर्करोगाच्या उपचारांचा एक दवाखाना दुसऱ्या जागी गेला आणि सीझियमचे यंत्र जुन्या पडक्या इमारतीत तसेच राहिले. 1987 च्या सप्टेंबरात दोघांनी भंगारात पैसे मिळतील म्हणून ते तोडून हातगाडीवरून घरी नेले. लौकरच त्यांना उलट्या सुरू झाल्या. खाण्यात काही आले असेल असे वाटले. पुढे त्यांनी तो धातू भंगारवाल्याला विकला. रात्री त्या भंगारवाल्याला धातूच्या डबीतून निळा उजेड येताना दिसला. काहीतरी मौल्यवान आहे असे समजून त्याने ती डबी घरात आणली. शेजारीपाजारी कौतुकाने पाहावयास आले. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे त्याने मित्रांना आणि नातेवाइकांना वाटले. काहींनी ती चमकणारी पूड अंगाला लावली. त्याच्या भावाने थोडी घरी नेली. भावाची सहा वर्षांची मुलगी तिच्याशी खेळली आणि त्याच हातांनी जेवली.

आपल्याकडे तरी वेगळे काय झाले असते, सांगा? चकचकीत वस्तू आली की आपण शेजारणीला हाक मारतो, पोराच्या हातात देतो. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

घरोघर माणसे आजारी पडू लागली. तेव्हा ते कोणाला उमगले? मोठ्या विद्वानाला नव्हे. भंगारवाल्याच्या बायकोला उमगले. तिने पाहिले, की आपल्या भोवतालची माणसे एकाच वेळी आजारी पडत आहेत, आणि हे सारे ती पूड आल्यापासून सुरू झाले आहे. स्वतः आजारी असताना 28 सप्टेंबरला तिने एका नोकराला बरोबर घेतले, उरलेला ऐवज पिशवीत भरला, बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेला आणि तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवून सांगितले, की यानेच माझी माणसे मरणार आहेत. दुसऱ्या दिवशी एक भौतिकतज्ज्ञ किरण मोजण्याचे यंत्र घेऊन आला. तो पोचला तेव्हा अग्निशामक दलाचे लोक ती पिशवी नदीत टाकावयाच्या विचारात होते. त्याने त्यांना थांबवले. नाहीतर हळद पाण्यात गेली असती.

मग शहरात एकच धावपळ उडाली. मोठ्या क्रीडांगणावर 1,12,000 हून अधिक लोकांची तपासणी झाली. 249 जणांना ती पूड लागलेली सापडली. चार माणसे दगावली. त्यांतली दोन एकाच दिवशी गेली, 23 ऑक्टोबर 1987 रोजी. एक ती सहा वर्षांची मुलगी, आणि दुसरी तिची काकू. होय, तीच पिशवी नेणारी बाई. तिच्या नवऱ्याच्या अंगावर तिच्याहूनही जास्त किरण गेले होते, तरी तो वाचला. तज्ज्ञांनी कारण दिले, की तो कामानिमित्त घराबाहेर जात-येत असे, म्हणून त्याला ते खंड पडून पडून मिळाले. बाई मात्र घरातच होती. भगिनींनो, हे वाचले तेव्हा हातातले निवडायचे ताट मी खाली ठेवले. घरात जे येते, त्याच्याजवळ सर्वांत जास्त वेळ आपण असतो.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. त्या मुलीला पुरावयास नेले तेव्हा जमलेल्या लोकांनी दगड मारले. गोयानियाची माणसे म्हटली की परगावी त्यांना उतरावयास जागा मिळेना. अज्ञानातून भीती आणि भीतीतून निर्दयपणा येतो. आपल्याच वाडीत काय झाले आठवा. एक बाई कर्करोगासाठी आपण ज्याला 'लाईट देणे' म्हणतो ते उपचार घेऊन आल्या, तेव्हा काही घरांत त्यांचा पेला वेगळा ठेवला गेला. त्यांत मीही होते. बाहेरून यंत्राने लाईट घेतलेल्या माणसापासून कोणाला काही होत नाही, ही ती चुलीची गोष्ट, हे मला तेव्हा कळले नव्हते. किरणांचे औषध पोटात दिले असेल तर काही दिवस कसे राहावे ते दवाखान्यातले लोकच सांगतात. त्या बाई आज समोर बसल्या आहेत. मी सर्वांसमक्ष त्यांची क्षमा मागते.

हे सारे परदेशातच होते असे समजू नका. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भागात, भंगाराच्या बाजारात, तसेच झाले. विद्यापीठातले एक जुने यंत्र कित्येक वर्षे पडून होते, ते लिलावात भंगार म्हणून निघाले. त्यात कोबाल्ट-60 होते. ते कोणी ओळखले नाही. कामगारांनी ते कापले. एकाने त्यातला तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला होता. कित्येक जण इस्पितळात पडले आणि एक कामगार दगावला.

आता करावयाचे काय? भाच्याने तीन शब्द सांगितले : वेळ, अंतर आणि आडोसा. जवळ कमी वेळ थांबावे, लांब राहावे, मध्ये जाड भिंत असावी. अंतर दुप्पट केले की किरणांचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. चुलीतून निखारा उडाला की आपण हेच करतो, कोणी शिकवावे लागत नाही.

खुणा ध्यानात ठेवा. पिवळ्या पाटीवर मधे ठिपका आणि भोवती पंख्याची तीन पाती, ही किरणांची खूण. पण ती सामान्य माणसाला कळत नाही असे दिसले, म्हणून 2007 मध्ये धोकादायक पदार्थांच्या पेटीसाठी एक नवी लाल खूण निघाली. तिच्यात वरून येणारे किरण, माणसाची कवटी आणि पळणारा माणूस आहे. ती खूण लोकांना कळते की नाही हे 11 देशांत विचारून पाहिले, त्यांत आपला देशही होता. अशी पेटी, किंवा आकाराच्या मानाने फार जड अशी अनोळखी वस्तू दिसली, तर हात लावू नका, फोडू देऊ नका, मुलांना दूर न्या आणि 112 वर पोलिसांना कळवा. पिशवीत घालून नेऊ नका. त्या बाईला सांगणारे कोणी नव्हते, आपल्याला आहे. चुकून हात लागलाच तर हात धुवा, कपडे बदलून वेगळे ठेवा आणि कोणाला तरी सांगा. आपल्या देशात या साऱ्यावर देखरेख करणारी परमाणु ऊर्जा नियामक परिषद 1983 पासून आहे. तिची कचेरी मुंबईला अणुशक्तीनगरात आहे. एक्स-रेचे यंत्रसुद्धा तिच्या परवान्यावाचून चालवता येत नाही.

शेवटी आपल्या घरचे बोलते. मंडळाच्या फंडासाठी आपण दरवर्षी दिवाळीआधी घरोघरची मोडतोड गोळा करतो. हिशेबाची वही माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी एक वाटोळा, बारीक पण कमालीचा जड ठोकळा आला. चार दिवस तो माझ्या ओटीवर दाराला लावलेला होता आणि पोरे त्यावर बसत. तो कोणी आणला, कुठून आणला, मी विचारले नाही. वजनावर विकला, त्याचे पैसे चांगले आले आणि आपण खूश झालो. तो बहुधा तराजूचा किंवा गिरणीचा साधा ठोकळा असेल. कोणाला काही झाले नाही. पण ते आपले नशीब होते, आपली काळजी नव्हती. आज आपण ज्या सतरंजीवर बसलो आहोत, ती त्याच पैशांची आहे.

म्हणून माझी एकच सूचना आहे. यंदापासून वहीत तिसरा रकाना असावा : वस्तू कोणाची, वजन किती, आणि ती आली कुठून. ज्या वस्तूचे 'कुठून' सांगता येत नाही, ती घेऊ नये. कोणी म्हणेल, फंड कमी होईल. होऊ द्या. पुढच्या वर्षी सतरंजी जुनीच वापरू. रकाना मी काल रात्रीच आखून ठेवला आहे, तुमची संमती तेवढी हवी.

जावेला मुलगी झाली. सुखरूप आहे. कोपऱ्यात रडते आहे ती तीच. तेव्हा आता मी पुरे करते.