वाचकाची ओवाळणी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात साक्री येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'सणाची भेट' या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीने मला आज्ञा केली. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. तथापि पस्तीस वर्षे मुलांच्या हाती पुस्तके देण्यात गेली, तेवढ्या पुण्याईवर मी आज एका मुक्या वर्गाची बाजू मांडणार आहे. आपल्या बहुतेक घरांत एखादी व्यक्ती अशी असते की, जिला जेवताना ताटाशेजारी पुस्तक लागते आणि जी वाण्याकडच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्यावाचून टाकीत नाही. अशा माणसाला सणाला काय हवे असते? साडी, धोतर, दागिना यांची आवडनिवड आपण विचारतो. वाचणाऱ्याला मात्र आपण काहीच विचारीत नाही.

वस्तुतः सण आणि वाचन यांची सांगड महाराष्ट्राइतकी क्वचितच कोठे पडली असेल. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाबरोबर वाचनाचे ताट मांडण्याची प्रथा सुरू झाली. शंभरांहून अधिक वर्षे ती टिकली आहे. असे असूनही देण्याघेण्याच्या यादीत पुस्तकाचा क्रमांक शेवटचा. मी सेवानिवृत्त झालो त्या दिवशी मला भिंतीवरची तीन घड्याळे मिळाली. ज्याची घंटा कायमची वाजून गेली, त्याला घड्याळ देण्यातला विनोद देणाऱ्यांच्या ध्यानी आला नसावा!

पुस्तक दिले म्हणजे झाले, असेही नव्हे. 'गीता प्रवचने' हे आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचे पुस्तक. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने केली आणि तेथेच बंदिवान असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. त्या एका माणसाच्या लेखणीमुळे ही भेट आपणा सर्वांपर्यंत पोहोचली. माझ्या घरी आज त्या ग्रंथाच्या चार प्रती आहेत. चारही देणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांतील एकानेही आधी विचारले असते, तर तीन निराळी पुस्तके माझ्या फळीवर आली असती.

एके वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मी सातवीच्या वर्गात मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि 'सणाला मला काय हवे' ते नाव न घालता लिहावयास सांगितले. बहुतेकांनी फटाके, नवे कपडे, चेंडूफळी असे लिहिले, आणि ते योग्यच होते. वाचणाऱ्या मुलांच्या चिठ्ठ्या मात्र वेगळ्या निघाल्या. एकाला शाळेच्या कपाटातील एका कादंबरीची शेवटची पाने हवी होती. ती केव्हाच गळून गेली होती. त्याने शेवट स्वतःच्या मनाने जुळविला होता, परंतु लेखकाने काय केले ते त्याला जाणून घ्यावयाचे होते. दुसऱ्याने रात्री नऊनंतर दिवा चालू ठेवण्याची परवानगी मागितली होती. एका चिठ्ठीत एवढेच होते : 'सुट्टीत एक दिवस मला कोणी हाक मारू नये.'

अक्षरावरून ती चिठ्ठी कोणाची ते मी ओळखले. पुढे बाजाराच्या दिवशी त्या मुलीची आई भेटली, तेव्हा तिच्यापाशी सहज गोष्ट काढली. ती माउली मनमोकळी हसली आणि म्हणाली, "गुरुजी, मंग पानी कोन भरी?" मजपाशी उत्तर नव्हते. तिचा प्रश्नही खोटा नव्हता. घरात नळ नव्हता, धाकटी भावंडे होती, आणि आईला स्वतःलाही कोणी एक दिवस हाक न मारता सोडले नव्हते. परंतु वाचणाऱ्याला पुस्तकाच्या जोडीने आणखी काय लागते, हे त्या पोरीने मला एका ओळीत शिकविले.

कोणी म्हणेल, विचारून दिलेल्या भेटीत गंमत ती काय उरली? यासाठी जरा दूरचे उदाहरण देतो. उत्तर अटलांटिक महासागरात आइसलँड नावाचे चिमुकले राष्ट्र आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे परदेशी मालाची टंचाई होती. कागदावर मात्र तितके निर्बंध नव्हते. साहजिकच नाताळची भेट म्हणून पुस्तक देण्याची चाल पडली. १९४४ पासून त्या वर्षीच्या नव्या पुस्तकांची सूची छापून घरोघर पोहोचविण्याची प्रथा सुरू झाली. लहानथोर सारे ती चाळीत आणि आपल्या आवडीची पुस्तके हेरून ठेवीत. अशी सूची घरात फिरली की, कोणास काय हवे ते आपोआप उघड होते. त्यांतले नेमके कोणते हाती पडणार, एवढे गुपित शिल्लक राहतेच. एवढी गंमत मला पुरेशी वाटते.

आपल्याकडे सूची नाही, परंतु दसरा आहे. त्या दिवशी आपण पाटी-पुस्तकाची पूजा करतो आणि आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो. दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत अठरा दिवस मिळतात. चांगल्या पुस्तकाचे दुकान लांब, ही सबबही आता उरली नाही. नातवंडे मोबाईलवरून घरबसल्या पुस्तक मागवितात. तेव्हा दसऱ्याला सोन्याबरोबर एक चिठ्ठी घ्यावी आणि भाऊबिजेला ओवाळणीच्या ताटात त्या चिठ्ठीतले पुस्तक पडावे. संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकचे डबे लुटणाऱ्या भगिनींनीही याचा विचार करावा. डब्यात भरावयास तेवढे धान्य तरी घरात कोठे असते?

परंतु सासरी गेलेल्या लेकींचा प्रश्न याने सुटत नाही. दिवाळीत ती कढईसमोर उभी असते. पुस्तक मिळाले तरी उघडणार केव्हा? खानदेशाने यावर फार जुन्या काळी तोड काढून ठेवली आहे. आखाजीला लेक माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते. तेवढे दिवस तिला कोणी कामाला जुंपीत नाही. वाचणाऱ्या लेकीला पुस्तक द्यावयाचे तर ते आखाजीला द्यावे, आणि ते संपेपर्यंत तिला हाक मारू नये. सुनेचे काय, असे कोणी विचारील. ती दुसऱ्या घरची लेकच आहे. तिला तिच्या माहेरी वेळेवर धाडणे, ही सासरची भेट.

ज्यांना अक्षरओळख नाही अशा आपल्या वृद्ध आयाबायांनाही यातून वगळू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या वारल्या. त्यांची गाणी टिपून ठेवलेली होती, म्हणून पुत्र सोपानदेव यांच्याकडून ती आचार्य अत्रे यांच्यापुढे गेली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने महाराष्ट्राला लाभली. ते पुस्तक आजीला नुसते देऊन काय उपयोग? तिच्याजवळ बसून दोन पाने मोठ्याने वाचावीत. ती भाषा तिच्या कानाच्या ओळखीची आहे. चार ठिकाणी वाचणाऱ्याचा उच्चार ती सुधारील.

आता मंडळाकडे एक मागणी. आपल्या गुणगौरव समारंभात प्रत्येक यशस्वी विद्यार्थ्यास स्मृतिचिन्ह देण्यात येते. त्याच्या किमतीत दोन बरी पुस्तके येतात. स्मृतिचिन्ह कपाटावर चढते आणि पुढच्या दिवाळीला झाडझूड होईपर्यंत तेथेच राहते. सत्काराची यादी हाती येताच विद्यार्थ्याला विचारावे आणि तो सांगेल तेच पुस्तक द्यावे. त्याने रहस्यकथा मागितली तर रहस्यकथा. तेथे आपण गुरुजी होऊ नये. जी कुटुंबे विकत घेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी फिरती पेटी करावी. शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कौळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा बाराव्या वर्षी दत्तक जाईपर्यंत निरक्षर होता. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला आणि त्याने बडोदे संस्थानात लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तके धाडली. संस्थानाचा खजिना आपल्यापाशी नाही. परंतु पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल आणि कासारे अशी चार गावे फिरणारी एक पेटी आपल्या वर्गणीत बसते. हिशोब मी लिहून आणला आहे आणि तो चिटणीसांच्या स्वाधीन करतो.

दारापाशी कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवला आहे. नाव, गाव आणि पुस्तक एवढेच लिहावे. पुस्तकाचे नाव आठवत नसेल तर गोष्ट काय होती ते लिहावे, मी शोधून काढीन. ज्यांना पुस्तक नको, नुसता एक दिवस हवा आहे, त्यांनीही तसे लिहावे. मात्र अशी चिठ्ठी डब्यात न टाकता घरी नेऊन यजमानांच्या हाती द्यावी.