चाळिशीतली तबकडी

‘चाळिशी’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर चढणारा चष्मा. तबकडी वाजवण्याच्या यंत्राशी, म्हणजे टर्नटेबलशी, खटपट करणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकदमच कळतात. दांडीच्या टोकाला सुईची डबी बसवायची असते. तिच्यामागे केसासारख्या चार तारा. त्यांतली लाल कोणती नि हिरवी कोणती, हे चष्म्यावाचून उमगत नाही.

मग यात गोडी कसली? गोडी ही, की इथे आवाज डोळ्यांना दिसतो. तबकडीवरची खाच म्हणजे गवयाच्या आवाजाची कोरलेली रेघ. सुई तीतून थरथरत जाते, त्या थरथरीची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज. शिक्षकांनी एखादी टाकाऊ तबकडी घ्यावी, कागदाच्या पुंगळीच्या टोकाला टाचणी खोचावी आणि फिरत्या तबकडीवर हलकेच टेकवावी. कागद गाऊ लागतो! चांगल्या तबकडीवर मात्र हा प्रयोग नको. टाचणी खाच खरवडते.

वेगाचा हिशेबही फळ्यावर मांडण्याजोगा आहे. मोठी एल. पी. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची; त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा, मिनिटाला 6000 वेळा लुकलुकतो. 6000 ला 33⅓ ने भागले की 180 येतात. कागदी चकतीच्या कडेला सारख्या अंतरावर 180 रेघा काढून ती फिरवावी. वेग बरोबर असला, तर रेघा जागीच उभ्या दिसतात.

आता वैताग सांगतो. रबरी पट्टा सैल पडतो. वेग शंभराला सुमारे सहाने मंदावला, की काळी दोनमधले गाणे पांढरी दोनमध्ये उतरते. सुईचा भार वाढला तर खाच झिजते, कमी झाला तर सुई उड्या मारते. एक सावरावे तो दुसरे बिघडते. आणि सर्वांत मोठी अडचण आपल्याच अंगची! वयाबरोबर कान आधी बारीक, उंच आवाज सोडू लागतो. हाती चार पैसे नि सवड येते, तेव्हा कान मागे पडलेला असतो. यावर उपाय एकच : शेजारी एखादे शाळकरी पोर बसवावे आणि ‘काय ऐकू येतं रे?’ म्हणून विचारावे.

ही खटपट निव्वळ हौसेची नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तेव्हापासून कित्येक गायकांचे आवाज तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांत उरले आहेत. तुमच्या माळ्यावर अशा तबकड्या असतील, तर त्या उभ्या ठेवा, मऊ फडक्याने पुसा. स्पिरिट लावू नका. त्यात लाख विरघळते. त्यांची खाच रुंद असते, म्हणून एल. पी.ची बारीक सुई त्यांना चालत नाही. आणि झिजलेल्या सुईने तर कोणतीच तबकडी वाजवू नका. त्या सुईने गेलेला सूर परत येत नाही.

शेवटी एक पथ्य. पेचकस हातात असेपर्यंत माणसाला यंत्रच ऐकू येते, गाणे येत नाही. म्हणून यंत्र थोडे उणे राहिले तरी राहू द्यावे, पेचकस खणात टाकावा, आणि ती तीन मिनिटे नुसते ऐकावे.