जबड्यातली केबल आणि डोळ्यांसमोरचा नकाशा

(सेक्टर ३२, चंडीगड येथील गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एकदंताच्या उत्सवात दातांवर बोलायचे ठरवले तेव्हा एका मित्राने विचारले, "अहो, तुम्ही सिग्नलचे माणूस, दातांशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पंचवीसेक वर्षे केबल, रिले आणि पॉइंट यांतच गेली. तरीही हा विषय निवडला, कारण दातांचे इम्प्लांट बसवताना डॉक्टरांपुढे जो प्रश्न असतो, तो आपल्या ओळखीचा आहे. जमिनीखाली काय आहे ते दिसत नसताना खोदायचे कसे?

प्रथम इम्प्लांट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कवळी हिरडीवर टेकते, ब्रिज शेजारच्या दातांचा आधार घेतो, इम्प्लांट मात्र थेट हाडात बसतो. टायटॅनियमचा स्क्रू, साधारण ४ मि.मी. जाड आणि १० मि.मी. लांब. तो जबड्यात बसवला की काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरते, मग त्यावर दात चढवतात. हा शोध योगायोगाने लागला. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपला, पण उपकरण निघेना, कारण हाडाने धातूला धरून ठेवले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो रुग्ण २००६ मध्ये वारला, तोपर्यंत म्हणजे ४० वर्षे त्या स्क्रूंनी त्याला साथ दिली.

आता धोका कुठे आहे ते पाहू. खालच्या जबड्याच्या हाडात दाढांच्या खालून एक बोगदा जातो. त्यातून एक नस येते आणि पुढे उपदाढांजवळच्या छिद्रातून बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. ड्रिल या नसेला लागले तर ओठ बधिर होतो. चहा किती गरम आहे ते ओठाला कळत नाही, भाताचे शीत चिकटले तरी कळत नाही. कधी हे काही महिन्यांत सुधारते, कधी जन्मभर राहते. म्हणून स्क्रूचे टोक आणि नस यांत निदान २ मि.मी. अंतर ठेवण्याचा दंडक आहे. शेजारच्या दाताच्या मुळापासूनही सुमारे दीड मि.मी. दूर राहावे लागते. शिवाय हाड तापता कामा नये. ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापले तर हाडाला इजा होते, असे १९८३ मध्ये प्रयोगांती दिसून आले. म्हणून ड्रिलवर सतत सलाईनचे पाणी सोडतात.

सहकाऱ्यांना आता चित्र दिसू लागले असेल. रुळांशेजारी सिग्नलची केबल पुरलेली असते. तिथे खोदायचे तर आधी सिग्नलचा माणूस केबलचा नकाशा घेऊन जागेवर जातो, चुन्याची रेघ मारतो आणि शंका असेल तिथे हाताने खड्डा घेऊन केबल प्रत्यक्ष पाहतो. कारण नकाशा कितीही चांगला असला तरी तो ज्या खुणेपासून मोजला, ती खूण जागेवरून हललेली असू शकते. जबड्यात मात्र हाताने खड्डा घेऊन नस पाहण्याची सोय नाही!

मग डॉक्टर काय करतात? प्रथम कोन बीम सीटी नावाचा स्कॅन काढतात. त्यात जबड्याचे त्रिमितीय चित्र मिळते, बोगदाही बहुधा दिसतो. त्यावर संगणकात इम्प्लांटची जागा, खोली आणि कोन ठरवतात. इथपर्यंत झाला नकाशा. तो तोंडात उतरवण्याचे दोन मार्ग आज रूढ आहेत. पहिला मार्ग गाइडचा. म्हणजे दातांवर घट्ट बसणारी प्लॅस्टिकची पट्टी, जिच्या भोकातूनच ड्रिल जाते. आमच्याकडे जिग लावून भोक पाडतात, अगदी तसेच. पण एकदा पट्टी बनली की ऐनवेळी बेत बदलता येत नाही आणि पाणीही भोकाच्या आत कमी पोचते. दुसरा मार्ग नॅव्हिगेशनचा. रुग्णाच्या दातांना आणि ड्रिलला खुणा बांधतात, कॅमेरा त्या टिपत राहतो आणि ड्रिल हाडात कुठे आहे ते पडद्यावर दिसते. यात अडचण एकच. हात तोंडात आणि डोळे पडद्यावर!

इथे ऑगमेंटेड रिॲलिटी येते. डॉक्टरांनी असा चष्मा घालायचा, ज्यातून खरे तोंडही दिसेल आणि त्यावरच आतली नस, ठरवलेली जागा आणि ड्रिलची दिशा रेघांनी काढलेली दिसेल. डोळे कामावरून हलवायला नकोत. कल्पना कारखान्यातूनच आली. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत विमानाच्या तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर मांडावे लागत. कुठली तार कुठून न्यायची हे कामगाराला डोळ्यांसमोरच दाखवावे, या विचारातून टॉम कॉडेल यांनी हे नाव दिले.

आणि याचे मोठे भावंड तर आपल्या जवळच, सेक्टर ३० मध्ये घडले आहे. तिथली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, म्हणजे सीएसआयओ, १९५९ मध्ये स्थापन झाली आणि १९६२ मध्ये चंडीगडला आली. तेजस या लढाऊ विमानासाठी हेड-अप डिस्प्ले या संस्थेने विकसित केला. वैमानिकासमोरच्या काचेत वेग, उंची, दिशा उमटते आणि पलीकडचे आकाशही दिसते, मान खाली घालावी लागत नाही. याच संस्थेने देशी दंत-इम्प्लांटवरही काम केले आहे. या दोन्ही विद्या एका आवारात आहेत, ही चंडीगडकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

तर मग आकाशात जमले ते तोंडात का अवघड जाते? याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण डोळ्याचे. वैमानिक दूरवर पाहतो, म्हणून त्याच्या काचेतले आकडेही अनंत अंतरावर असल्यासारखे दाखवतात आणि डोळ्याला एकच फोकस पुरतो. दंतवैद्य हातभर अंतरावर पाहतो. हॉलोलेन्ससारख्या चष्म्यात मात्र चित्राचा फोकस सुमारे २ मीटरवर पक्का असतो. म्हणजे दात स्पष्ट दिसला तर रेघ पुसट आणि रेघ स्पष्ट दिसली तर दात पुसट. जिथे २ मि.मी.चा हिशोब आहे, तिथे हे चालत नाही.

दुसरे कारण खुणेचे. चित्र जबड्यावर नेमके बसले पाहिजे. रुग्णाने मान हलवली, दाताला बांधलेली खूण किंचित सरकली, तर चित्र तितकेच सरकते. पण ते दिसते मात्र पूर्वीइतकेच सुबक! धोका हाच आहे. नकाशा अंधूक असला तर माणूस सावध राहतो. झगमगीत असला तर विश्वास ठेवतो. गाइड किंवा नॅव्हिगेशन वापरूनही ठरवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी सुमारे १ मि.मी. आणि ३-४ अंशांचा फरक राहतो. २ मि.मी.चा दंडक याचसाठी आहे. यंत्र आले म्हणून तो सोडायचा नाही.

म्हणूनच चष्म्यांचा वापर अजून मुख्यतः संशोधनात, शिक्षणात आणि काही निवडक शस्त्रक्रियांत आहे. हॉलोलेन्स २०१६ मध्ये आला आणि २०२४ मध्ये कंपनीने त्याचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. उपकरणे येतील-जातील, पण विद्या पुढे सरकते आहे, यात शंका नाही.

हे सारे सांगायचे कारण घरगुती आहे. आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील गाव सोडून इथे आपल्याकडे राहतात. माझ्या आईची खालची कवळी इतकी हलायची की तिने भाकरी सोडली, मग शेंगदाणे सोडले, आणि पुढे पुढे चारचौघांत जेवायलाही बसेना. पंगतीत बसायचे टाळणारी आजी दुसऱ्या घरांतही मी पाहिली आहे. अशा वेळी "अत्याधुनिक" पद्धतीचे मोठे अंदाजपत्रक समोर आले की आपण घाबरतो, किंवा भारावून होकार देतो.

अशांसाठी एक माहिती उपयोगी आहे. २००२ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असे मत दिले की, खालचे सर्व दात गेलेल्या माणसासाठी पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवणे ही पहिली पसंती असावी. या दोन जागा नस बाहेर पडणाऱ्या दोन छिद्रांच्या मधल्या भागात येतात. तिथे नसेचा धोका कमी असतो. शून्य नव्हे, पण कमी. म्हणजे प्रत्येकाला भारी यंत्रणा लागतेच असे नाही. मागच्या दाढेच्या जागी, हाड कमी आणि नस जवळ असेल, तिथे मार्गदर्शक यंत्रणेचे मोल खरे.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. त्रिमितीय स्कॅन काढला का, आणि त्यात नस कुठे दिसते? तिच्यापासून किती अंतर राखणार? आणि यंत्र दाखवते ते बरोबर आहे, हे तोंडात कसे पडताळणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. तो ड्रिलचे टोक एखाद्या ओळखीच्या दातावर टेकवून, पडद्यावरही ते तिथेच दिसते की नाही, हे पुन्हा पुन्हा पाहत असतो, आणि तसे तुम्हाला सांगेलही. आपल्याकडे सेक्टर २५ मध्ये विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे, पीजीआय आहे. शंका असल्यास दुसरे मत घ्यायला दूर जावे लागत नाही.

 आता आरतीची वेळ झाली आहे आणि नंतर प्रसादाला मोदक आहेत, त्यामुळे अधिक वेळ घेत नाही.

गणपती बाप्पा मोरया!