पिपेट, सर आणि "काही होत नाही"

मागच्या आठवड्यात बारावीतल्या एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणते, "दादा, आमच्याकडे पिपेट तोंडानेच ओढतात. सर म्हणतात, आम्हीपण असंच शिकलो, काही होत नाही. खरंच काही होत नाही का?"

मी केमिस्ट नाही हं, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण बारावी सायन्स आणि बीटेकचं पहिलं वर्ष, दोन्हीकडच्या लॅब पाहिल्यात. आणि हा प्रश्न मला फार आवडला, कारण सरांचं वाक्य खोटं नाहीये. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. गोची तिथेच आहे.

बघा, टायट्रेशनला ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं 10 मिली द्रावण उचलायचंय. तुमची नजर कुठे असते? पिपेटच्या वरच्या खुणेवर. खालचं टोक द्रावणात बुडालंय की नाही, हे बघायला डोळा मोकळाच नसतो. बीकरमध्ये द्रावण कमी उरलंय, टोक जरासं वर आलं, की हवा शिरते आणि तुम्ही ओढतच असल्यामुळे आतलं द्रावण झटक्यात तोंडात येतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे. शाळेतलं द्रावण पातळ असतं, तोंडात गेलं तर लगेच थुंकून चूळ भरली की बहुतेकदा निभावतं. पण शेजारच्या बाटलीत कॉस्टिक सोडा असेल तर? दोन्ही दिसायला पाण्यासारखी. आणि त्याच पिपेटला आधीच्या बॅचमधल्या सगळ्यांनी तोंड लावलेलं असतं, ते वेगळंच!

याला उपाय म्हणजे रबरी बल्ब. सिनेमाच्या तिकिटाएवढ्या पैशात येतो. फक्त तो लावताना पिपेट वरच्या टोकाजवळ धरा, काच थोडी ओली करा आणि हळू फिरवत बसवा. मधोमध धरून जोर लावला की काच मोडते आणि थेट तळहातात घुसते.

ब्युरेटचंही तसंच. पोटॅशियम परमँगनेट भरताना ब्युरेटचं तोंड आपल्या डोळ्यांच्या वर असतं आणि आपण टाचा उंचावून ओततो. अरे, स्टँड खाली स्टुलावर ठेवा ना! तोंड छातीच्या पातळीला आलं की सांडलं तरी डोळ्यात जात नाही.

आता अ‍ॅसिड. "पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडमध्ये पाणी नको" हे सगळ्यांना पाठ आहे. का, ते विचारलं की शांतता. तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड पाण्याच्या जवळजवळ 1.84 पट जड असतं आणि पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता सोडतं. त्याच्यावर पाणी ओतलं तर पाणी वरच राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि अ‍ॅसिडसकट उडतं. उलट, भरपूर पाण्यात थोडं थोडं अ‍ॅसिड ढवळत घातलं तर उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. ब्राउन रिंग टेस्टमध्ये अ‍ॅसिड परीक्षानळीच्या कडेने सोडायला सांगतात, तेही याच जडपणामुळे. ते तळाशी जाऊन बसतं आणि दोन थरांच्या मध्ये कडं दिसतं. कडं दिसत नाही म्हणून नळी हलवणारा एक तरी वीर प्रत्येक बॅचमध्ये असतो. त्याच्यापासून लांब उभे राहा.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसमधल्या हायड्रोजन सल्फाइडबद्दल एकच सांगतो. सडक्या अंड्याचा वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. प्रमाण वाढलं की हा वायू आपलं नाकच बधिर करतो. वास गेला तर आधी खिडकीकडे.

रील्सवर रंगीत ज्वाळांचा प्रयोग दिसतो ना? मेथॅनॉल, वेगवेगळे क्षार, लाल-हिरव्या ज्वाळा. 2013 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने याच प्रयोगाबद्दल इशारा देणारा व्हिडिओ काढला होता. काही आठवड्यांतच, 2014 च्या जानेवारीत, न्यूयॉर्कच्या एका शाळेत हाच प्रयोग चालू असताना मेथॅनॉलची वाफ पेटली आणि एक विद्यार्थी गंभीर भाजला. तिथे शिक्षक हजर होते, वर्ग नेहमीसारखा चालू होता. अशा वेळी आग वाफेवरून बाटलीपर्यंत पोचते आणि बाटलीतून ज्वाळेचा फवारा सुटतो. आपला स्पिरिटचा दिवा त्याच जातीचा. विझून गार झाल्याशिवाय त्यात स्पिरिट भरायचं नाही, आणि विझवायचा तो टोपण ठेवून, फुंकर मारून नाही.

आता त्या श्रोतीचा खरा प्रॉब्लेम. हे सगळं माहीत आहे, पण सरांना सांगणार कोण? इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात. एक्स्टर्नल येतात ते रीडिंग बघतात, जर्नल बघतात, तुम्ही पिपेट कशी भरली ते फारसं कुणी विचारत नाही. मग तोंडाने ओढणं पटकन होतं, आणि पटकन होतं म्हणून चालू राहतं. माझं मत विचाराल तर "सर, हे चुकीचं आहे" असं सगळ्यांसमोर म्हणू नका, सर हट्टाला पेटतील. आदल्या दिवशी लॅब असिस्टंट काकांना गाठा. "काका, पिपेटचा बल्ब आहे का हो?" बऱ्याच ठिकाणी बल्ब कपाटात खोक्यासकट पडलेले असतात, कुणी मागितलेच नाहीत म्हणून. नसतील तर चार-पाच जणींनी मिळून दोन विकत घ्या आणि "सर, आम्ही आणलेत, वापरू का?" एवढंच विचारा. यावर नाही म्हणणारे सर मला तरी माहीत नाहीत.

आणि त्याच फेरीत नळ कुठे आहे, त्याला पाणी येतं का, ते बघून ठेवा. डोळ्यात काहीही उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धुवायचा, मगच दवाखाना. लेन्स असेल तर धुता धुता काढायची. अंगावर अ‍ॅसिड पडलं तरी भरपूर पाणीच. त्यावर सोडा वगैरे चोळत बसू नका.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू. आणि ताई, बल्ब मिळाला का ते नक्की कळव.