बोलक्या बाहुल्यांचें स्थित्यंतर

बाहुलीला वय नसतें व स्वभावहि नसतो. नाचविणारा जें देईल तेंच तिचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बऱ्याच अंशीं खरी असली, तरी अमेरिकेंतील 'सेसमी स्ट्रीट' या दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रमाचा इतिहास पाहिला म्हणजे तिला थोडी मुरड घालावी लागते. तेथील बाहुल्यांचे रंग पालटले, वयें पालटलीं, कित्येकींचा स्वभावहि पालटला. आणि यांतील महत्त्वाचे फेरबदल घडले ते पाहणाऱ्या बालकांचा विचार करून.

हा कार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजीं सुरू झाला. शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वींच मुलांना, विशेषतः गरिबांच्या मुलांना, अक्षरांची व अंकांची ओळख व्हावी, हा जोन गँझ कूनी आदि संस्थापकांचा हेतु होता. बाहुल्यांचें काम जिम हेन्सन यांजकडे आलें. खरी माणसें व कल्पित प्राणी यांची मुलांच्या मनांत गल्लत होऊं नये, म्हणून गल्लींतील प्रसंगांत बाहुल्या आणूं नयेत, असें प्रारंभीं मानसशास्त्रज्ञांचें मत पडलें. पुढें जुलै १९६९ मध्यें फिलाडेल्फिया शहरांत कांहीं नमुन्याचे भाग मुलांना दाखवून पाहण्यांत आले. बाहुल्या पडद्यावर असेपर्यंत मुलें टक लावून पाहत. गल्लींतील माणसें बोलूं लागलीं कीं त्यांचें लक्ष उडे. तेव्हां पंडितांचें मत बाजूस ठेवून बाहुल्यांना गल्लींतच वस्तीस आणण्यांत आलें. आठ फुटांहून उंच असा पिवळा पक्षी बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यांत राहणारा चिडखोर ऑस्कर, हे दोघे या निर्णयाचें फळ होत.

ऑस्कर पहिल्या वर्षीं नारिंगी होता. दुसऱ्या वर्षीं तो हिरवा झाला. हा बदल केवळ कातडीचा. त्याची किरकिर पूर्वीं होती तशीच राहिली. बिग बर्डची गोष्ट निराळी. प्रथम तो डोक्यावर चार पिसें असलेला, खेडवळ, मंदबुद्धि असा प्रौढ होता, व त्याच्या फजितीवर हंसणें एवढाच त्याचा उपयोग होता. त्याची भूमिका करणारे कॅरोल स्पिनी यांना वाटलें कीं, हा मूर्ख प्रौढ नसून अजाण बालक असावा. स्पिनी त्या पोशाखाच्या आंत उभे राहून उजवा हात डोक्यावर उंच धरीत व त्या हातानें चोंच हलवीत. बाहेरचें दृश्य त्यांना छातीशीं बांधलेल्या लहानशा पडद्यावर पाहावें लागे. त्यांची सूचना मान्य झाली आणि हळूहळू पक्षी सहा वर्षांचें मूल बनला. पूर्वींच्याच चुका आतां हास्यास्पद न राहतां, शिकणाऱ्याच्या चुका ठरल्या.

या बदलाची खरी किंमत पुढें कळून आली. गल्लींतील दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे वृद्ध नट विल ली डिसेंबर १९८२ मध्यें निवर्तले. दुसरा नट आणून वेळ मारून नेतां आली असती. तसें न करतां मुलांना मृत्यूची वार्ता सरळ सांगावी, असें ठरलें. २४ नोव्हेंबर १९८३ रोजीं दाखविलेल्या भागांत बिग बर्ड सर्व स्नेह्यांचीं चित्रें काढून आणतो. हूपर यांचें चित्र त्यांना कधीं देऊं, असें तो विचारतो, तेव्हां मेलेलें माणूस परत येत नाहीं, हें मोठीं माणसें त्याला दाटल्या कंठानें समजावितात. पहिला खेडवळ पक्षी हा प्रश्न विचारता, तर लोक कदाचित् हंसले असते.

परंतु सर्वांत बोधप्रद स्थित्यंतर स्नफलुपागस याचें होय. सोंडेचा, तपकिरी केसांचा हा अवाढव्य प्राणी १९७१ सालीं अवतरला. तो बिग बर्डचा जिवलग मित्र. पण मोठीं माणसें येण्यापूर्वींच नेमका निघून जाई. त्यामुळें पक्ष्याचें बोलणें कोणी खरें मानीना. अनेक वर्षें ही मौज चालली. पुढें अमेरिकेंत मुलांवरील लैंगिक अत्याचारांची चर्चा सुरू झाली, आणि कार्यक्रमकर्त्यांच्या मनांत शंका आली: खरें सांगूनहि मोठीं माणसें विश्वास ठेवीत नाहींत, हाच धडा तर मुलें घेत नसतील ना? १९८५ सालीं त्यांनीं हा विनोद संपविला. छोट्या एल्मोनें त्या प्राण्याची सोंड धरून ठेवली, मोठीं माणसें आलीं, त्यांनीं त्याला डोळ्यांनीं पाहिलें, आणि पक्षी इतकीं वर्षें खरें बोलत होता हें त्यांना मान्य करावें लागलें. चौदा वर्षांची हुकमी गंमत एका बालकाच्या शब्दाला मान देण्यासाठीं सोडून देण्यांत आली.

तो एल्मो प्रथम घोळक्यांतील एक नगण्य लाल प्राणी होता. केव्हिन क्लॅश यांच्या हातीं आल्यावर तो साडेतीन वर्षांचें प्रेमळ मूल झाला, व १९९८ पासून त्याला स्वतंत्र विभाग मिळाला. त्यानें जुन्या मंडळींची जागा बळकावली, अशी कुरकुर अनेकांनीं केली. बिस्किटें फस्त करणाऱ्या कुकी मॉन्स्टरच्या तोंडीं २००५ सालीं मिताहाराचा उपदेश आला, तेव्हां तर त्याचा घासच काढून घेतला, असा ओरडा झाला. वस्तुतः त्यानें बिस्किटें सोडलीं नाहींत. तीं रोज खाण्याचा पदार्थ नव्हे, एवढेंच तो म्हणाला.

पुढें २००२ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील आवृत्तींत एच.आय.व्ही.ची बाधा असलेली कामी आली. २०१७ सालीं अमेरिकेंत स्वमग्न ज्युलिया पडद्यावर आली. भारतांत २००६ सालीं हिंदींतून 'गली गली सिम सिम' सुरू झालें, तेव्हां त्याची नायिका शाळेचा गणवेश घातलेली पांच वर्षांची चमकी होती. ज्या देशांत मुलीची शाळा अनेकदां आधीं सुटते, तेथें शाळेवर प्रेम करणारी मुलगी पुढें आणणें हा विचारपूर्वक केलेला निर्णय म्हटला पाहिजे.

लहानपणचें आवडतें पात्र पालटलेलें पाहून मोठ्यांना चुटपुट लागते, हें स्वाभाविक आहे. परंतु तें पात्र त्यांच्यासाठीं नव्हतें. आज पडद्यासमोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलासाठीं तें आहे. बिग बर्डचें म्हणणें ऐकून घ्यावयास गल्लींतील माणसांना चौदा वर्षें लागलीं. घरांतील मूल कांहीं सांगूं लागलें, तर तें पहिल्याच दिवशीं ऐकून घ्यावें, एवढें जरी पालकांनीं या बाहुल्यांपासून घेतलें तरी पुष्कळ झालें.